आठ नंबरचं धनुष्य

सोमवार, ४ मार्च

वहिनीने दुकानातली एक कोरी डायरी आणून दिली. म्हणाली, "यांच्या हाताचं रोज काय ते लिहून ठेवा, भावजी. बाई विचारतात तेव्हा मला नेमकं काही आठवत नाही." बाई म्हणजे दादाच्या फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून दोनदा येतात, चहा नको म्हणतात आणि पितात.

तर लिहितो. दादाला मेंदूत गुठळी होऊन दोन महिने होत आले. चालतो, बोलतो, चिडतो, म्हणजे बहुतेक सगळं जागच्या जागी आलं. राहिला उजवा हात. बोटं हलतात, पण जोर नाही, आणि बाईंच्या मते स्पर्शही पुरता परतलेला नाही. दादा शिंपी आहे, त्यातही कटिंग मास्टर. खाली दुकान, वर घर. त्याच्या कात्रीवर हे घर चालतं आणि घराबरोबर मीही. गेल्या वर्षी आमच्या गेम कंपनीने शाखा बंद केली तेव्हा मी मागच्या खोलीत 'काही दिवस' राहायला आलो. ते दिवस अजून सुरूच आहेत. एक्केचाळीस वर्षांचा घोडा भावाच्या घरी जेवतो. वहिनी कधी एका शब्दाने बोलत नाही, म्हणूनच तिच्याकडे दुसऱ्यांदा भात मागायची लाज वाटते.

डायरीचं काम मिळालं याचा आनंद झाला. मग एवढ्याशा कामाचा आनंद झाला म्हणून वाईट वाटलं.

बुधवार, ६ मार्च

बाईंनी दिलेला व्यायाम असा: डबाभर तांदूळ, त्यात दुकानातली दहा-बारा बटणं, दादाने डोळे मिटून उजव्या हाताने शोधायची. सापडलं की किती भोकांचं आहे ते बोटाने सांगायचं. दादाला दोन सापडली. भोकं काही सांगता आली नाहीत. मग चिडून त्याने डोळे उघडले आणि दिसतील ती बटणं भराभर बाहेर काढली. "उघड्या डोळ्यांनी उपयोग नाही," बाई म्हणाल्या. तीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाला तांदळात बटणं शोधायला लावायची, हे काही मला पटत नाही.

मला एक सुचलं आहे. खेळाचा कन्सोल विकला तरी त्याचा कंट्रोलर माझ्याकडे आहे. त्याच्या मागच्या बाजूला दोन ट्रिगर असतात, बंदुकीच्या घोड्यासारखे. आत बारीक मोटर असते आणि खेळात जड काही ओढायचं असलं की ती बोटाला उलटा जोर देते. धनुष्याची दोरी ताणावी तसं बोटाला लागतं. कमजोर बोटाला याहून चांगला व्यायाम कुठला? आणि मजेचा.

शनिवार, ९ मार्च

जमलं. सोपं नव्हतं. कॉम्प्युटरला कंट्रोलरची साधी बटणं लगेच कळतात, पण ट्रिगरची करामत मोजक्याच खेळांना जमते. मधला एक प्रोग्रॅम आमच्या कंट्रोलरला भलत्याच जातीचा म्हणून पुढे करत होता. तो बंद केला, वायर लावली आणि ट्रिगर जिवंत झाला.

खेळ तिरंदाजीचा आहे. आठ धनुष्यं, एकापेक्षा एक ताठ. नंबर स्क्रीनवर मोठा दिसतो. आठ नंबर ओढताना माझंच बोट दुखलं. दादाच्या हातात दिला. त्याने एक नंबर ओढला आणि दचकलाच.

"अरे, हा ढकलतोय मला."

"लागलं बोटाला?"

"लागलं की."

वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आली. दोन नंबर काही त्याला पुरता ओढता आला नाही, पण तो हसत होता. मग वहिनी परत जाताना वायरीत पाय अडकून पडता पडता वाचली. दादाची खुर्ची खिडकीपाशी आणि कॉम्प्युटर भिंतीपाशी, वायर बरोबर वाटेत. तिला म्हटलं, काळजी करू नको, हा वायरीशिवायही चालतो. आज कितीतरी दिवसांनी दाढी केली.

रविवार, १० मार्च

वायर काढली. बाण सुटतात, कंट्रोलर थरथरतो, सगळं ठीक. दादाने एक नंबर सहज ओढला. मग दोन. एका रात्रीत ही प्रगती. मी विचारलं, "कसं लागतंय?" त्याने ट्रिगर दाबून सोडला, परत दाबला, बोटाकडे बघत बसला. "जड आहे ना?" मी म्हणालो. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "हो. दोन नंबर ना. जड आहे."

आज जरा गप्प होता. खेळात रमला असावा.

गुरुवार, १४ मार्च

तीन नंबर. मला स्वतःला ओढून बघायचा मोह होतो, पण खेळ दादाच्या नावावर आहे, मध्येच मी हात घातला तर त्याची प्रगती कळायची नाही. म्हणून मी नुसतं स्क्रीनकडे बघतो आणि आकडे लिहून घेतो.

सकाळी एक सुंदर दृश्य दिसलं. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत दादा आरशासमोर उभा राहून हसत होता. मग त्याने दोन्ही हात वर केले, जिंकल्यासारखे. मी पाय न वाजवता मागे फिरलो. त्याला असं खूश बघून माझं पोट भरलं.

बुधवार, २० मार्च

पाच नंबर. मी तांदळाचा डबा वहिनीच्या हवाली केला आणि म्हटलं, आता याची गरज नाही. तिने तांदूळ धुऊन शिजवले. जेवताना दादाच्या दाताखाली कचकन बटण आलं. मी म्हणालो, "बघ, हाताला सापडेना ते दाताला सापडलं." वहिनीला हसू आवरेना. दादाही हसला. त्याने बटण धुतलं आणि खिशात टाकलं.

बाईंना फोन केला. पुढचे काही दिवस नाही आलात तरी चालेल, आमची गाडी जोरात आहे, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "डोळे मिटून करून घेता ना?" मी हो म्हणालो. धनुष्य डोळे मिटून कसं ओढणार? पण त्यांना हे कोण समजावत बसणार.

वहिनीने संध्याकाळी विचारलं, "भावजी, तुम्ही दाबून बघता ना अधूनमधून?" मी हसलो. चार वर्षं खेळ तपासायचाच पगार घेतला म्हटलं.

दादाच्या मनगटाला इस्त्रीचा चटका बसलाय, चांगला दोन बोटं लांब. लक्षातच आलं नाही म्हणाला. दुकानात जायची घाई झालीय त्याला, दुसरं काय.

बुधवार, २७ मार्च

आठ! पुरता ओढला, एकदा नाही, लागोपाठ. मी व्हिडिओ काढला. स्क्रीनवर आठ, दादाचं बोट, दादाचा चेहरा. शेवटी तो कॅमेऱ्याकडे न बघता म्हणतो, "जड आहे." घरच्या ग्रुपवर टाकला. तिथे मी अजून 'छोट्या'च आहे. खाली लिहिलं, 'डॉक्टरांनी हात टेकले तिथे छोट्याने हात घातला.' डॉक्टरांनी हात वगैरे काही टेकले नव्हते, पण वाक्य चांगलं जमलं होतं. मावशीचा लगेच फोन. काकांचाही हात असाच गेला आहे, डावा, तर तो कंट्रोलर कुठे मिळतो? मी तिला अर्धा तास समजावलं. किती दिवसांनी कुणी मला काही विचारलं.

दादा खिडकीपाशी खिशात हात घालून बसला होता. मी म्हटलं, "मास्टर, दुकान उघडा आता." म्हणाला, "तुला वाटतं?" मी म्हटलं, "आठ नंबर ओढणाऱ्या हाताला कात्री जड जाईल?"

मंगळवार, २ एप्रिल

दुकान उघडलं. वहिनीने टेबल पुसलं, कात्रीला तेल दिलं. दिवसभरात लहानसहान कामं आली. दादाने पडद्यांचं कापड सरळ कापलं, एका रेषेत. मी कॉलर ताठ करून दारात उभा.

शनिवार, ६ एप्रिल

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

दुकानात एक गिऱ्हाईक बाई आल्या. शाळेत शिकवतात. त्यांच्याजवळ आईचा जुना लोकरीचा कोट होता. आई जाऊन वर्ष झालं. तो आपल्या मापाचा करून हवा होता. दादाने आधी नाही म्हटलं. "आठवडाभराने या, हात अजून पूर्ण..." तेवढ्यात मी मध्ये पडलो. त्यांना फोनवर व्हिडिओ दाखवला. त्या दादाकडे बघून हसल्या आणि कोट टेबलावर ठेवला. थांबते म्हणाल्या.

दादाने कोट उसवला, पाठ पसरली, खडूने रेघ मारली. कात्री चालवली. मला त्यातलं कळत नाही, पण मध्येच कात्रीचा आवाज बदलला हे मलाही जाणवलं. जाडसर, कचवत गेल्यासारखा. दादाला नाही जाणवलं. शेवटपर्यंत कापून त्याने कापड उचललं, तर खालून बाहीचं कापडही कापलं गेलेलं. बाही पाठीखाली दुमडून राहिली होती. एकाच्या जागी दोन पदर कात्रीत आले आणि हाताला पत्ता नाही.

दादा म्हणाला, "चूक माझी आहे." तुकडे घडी करून त्याने त्यांच्या पिशवीत भरले. पिशवी उचलून त्या दारापर्यंत गेल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांना नको होतं करायला." तेवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दादा वर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनी मला म्हणाली, "कात्रीत किती पदर आलेत ते यांना बोलता बोलता कळायचं. बघावंही लागायचं नाही."

रविवार, ७ एप्रिल

दादा खाली आला नाही. मी कॉम्प्युटर लावला. म्हटलं, एवढा आठ नंबर ओढणारा हात, मग काल झालं काय? पहिल्यांदाच कंट्रोलर स्वतःच्या हातात घेतला. आठ नंबरचं धनुष्य निवडलं. ट्रिगर दाबला.

बोट लोण्यातून गेल्यासारखं गेलं.

एक नंबर, चार नंबर, सात नंबर, सगळे सारखे. कशालाच जोर नाही. मग वायर शोधली, लावली. आठ नंबरने माझं बोट अडवलं. वायर काढली, परत लोणी.

वायर काढली की कॉम्प्युटर त्याला साधा कंट्रोलर समजतो. थरथरणं चालू राहतं, ट्रिगरचा जोर बंद होतो. आणि स्क्रीनवरचा आकडा? खेळाला जे मागायचं ते तो मागत होता, बोटापर्यंत काय पोचतंय हे त्याला कुठून कळणार. ते बघायचं काम माझं होतं. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः दाबून बघायचं, हे नोकरीत पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मला. आणि मी इतके दिवस हौसेने रिकामे आकडे लिहिले. वहिनीने विचारलं तेव्हा हसलो होतो, ते आठवून आता कानशिलं तापतात.

एक मात्र कळत नाही. जोर नव्हताच, तर दादा रोज 'जड आहे' का म्हणत होता?

सोमवार, ८ एप्रिल

सांगितलं नाही. दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा तो जागा होता म्हणून परत आलो, दुसऱ्यांदा झोपला होता म्हणून. ग्रुपवर व्हिडिओखाली अजून अंगठे पडतायत. मावशीने कंट्रोलर मागवला. फोटो पाठवलाय, काकांच्या मांडीवर खोकं.

वहिनीने ताट वाढलं. भूक नाही म्हणून सांगितलं. भूक होती.

शुक्रवार, १२ एप्रिल

आधी ग्रुपवर लिहिलं, म्हणजे मागे फिरायची वाट बंद. 'व्हिडिओ खोटा आहे. मुद्दाम नाही, पण खोटा आहे. ट्रिगर चालूच नव्हता. दादाच्या हाताला काही फायदा झालेला नाही. मावशी, काकांना थेरपिस्टकडेच ने.' आणि व्हिडिओ काढून टाकला. कुणी काही उत्तर दिलं नाही. इतका वेळ अंगठे दाखवणारी माणसं एकदम कुठे जातात कोण जाणे.

मग दादाकडे गेलो. वहिनी त्याच्या मनगटाला मलम लावत होती. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वायर, आकडे, बाईंना केलेला फोन, सगळं. दादा ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "बस."

बसलो.

"पहिल्या दिवशी मला लागलं होतं," तो म्हणाला. "तुला सांगितलं होतं ना, ढकलतोय म्हणून? दुसऱ्या दिवशी काहीच लागेना. मला वाटलं, झोपेत परत झटका येऊन गेला. उरलंसुरलं होतं तेही गेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू दाढीबिढी करून समोर बसलेला. कसं लागतंय, कसं लागतंय. आकडा समोर होता, तो बघून सांगायचो."

वहिनीचा हात थांबला. "आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर रडली असतीस. आरशात रोज बघायचो. तोंड वाकडं होतंय का, दोन्ही हात वर जातात का. हॉस्पिटलात तसंच करून बघायला सांगितलं होतं."

तो आरसा. ते हसणं. मी या डायरीत त्याला सुंदर दृश्य म्हटलंय. ते पान फाडून टाकावंसं वाटलं, पण नाही फाडत. राहू दे माझ्या डोळ्यांसमोर.

मी म्हटलं, "दादा, झटका वगैरे काही आला नाही. वायर काढली म्हणून लागेना. तुझ्या बोटाला बरोबर कळत होतं."

त्याने मलम लावलेलं मनगट मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाला, "छोट्या, माझी समजूत काढायला काहीही सांगू नकोस."

त्याचा विश्वास बसत नाही. त्याचं तरी काय चुकलं? माझ्या तोंडून आठवडेच्या आठवडे त्याने 'वा, छान' याशिवाय काय ऐकलंय? वहिनी उठून आत गेली. तिला मला काही बोलायचं असेल तर ते मी ऐकून घ्यायला पाहिजे.

सोमवार, १५ एप्रिल

बाईंना फोन केला आणि खोटं बोललो होतो हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तांदूळ आहेत का?"

"नाहीत. शिजवले."

"आणून ठेवा. उद्या येते. आणि तुमचं ते यंत्रही लावून ठेवा, वायरीसकट."

सकाळी डॉक्टरांनी दादाला तपासलं होतं. नवीन झटक्याची काही खूण नाही म्हणाले. दादाने मान डोलावली, पण बरं म्हणायला डॉक्टरांचं काय जातं, असा चेहरा करून.

मंगळवार, १६ एप्रिल

बाई आल्या. चहा नको म्हणाल्या आणि खरंच घेतला नाही. दादाची खुर्ची भिंतीपाशी आणली. वायर आता वाटेत नव्हती. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं. खुर्चीच हलवायची होती.

वहिनीने दुकानातून अस्तराची पट्टी आणून दादाच्या डोळ्यांवर बांधली. बाईंनी आवाज बंद करायला सांगितला. मी आठ नंबरचं धनुष्य निवडलं आणि वायर लावली. दादाने ट्रिगरवर बोट ठेवलं.

"काही लागतंय?" बाईंनी विचारलं.

दादाने बोट दाबलं. सवयीने त्याची मान स्क्रीनकडे वळली, पण पट्टीमागून काय दिसणार. "अडतंय," तो म्हणाला. "पुढे जात नाही."

मी वायर हळूच उपसली. बाईंनी परत विचारलं, "आता?"

त्याने दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. त्या दुसऱ्या दिवशीही तो असाच पडला असणार, मी बघितलाच नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण बाईंनी हात वर केला.

"नाही," दादा म्हणाला. "आता काही लागत नाही."

मी वायर लावली. "आता?"

"आता आहे."

उलटसुलट करून कितीतरी वेळा केलं. मध्येच दोनदा लागोपाठ काढून ठेवली, त्याला चकवायला. आठ नंबरला तो एकदाही चुकला नाही. चार नंबरला गडबडला, दोनला तर नुसतं अंदाजानेच सांगत होता. बाई म्हणाल्या, "हात जागा आहे. कात्रीला लागतं तेवढं अजून नाही. मधले आठवडे फुकट गेले नसते तर जास्त असतं. आता सुरू करू." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

दादाने पट्टी वर केली. मी जमिनीवर बसलेलो, हातात वायरीचं टोक. त्याने वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला आता पटलं होतं. वहिनी पाठमोरी होऊन डोळे पुसत होती.

"पाच आठवडे, छोट्या," तो म्हणाला. "पाच आठवडे मी रोज सकाळी मरत होतो."

माफी मागणार होतो, पण ती मागितली की तो 'जाऊ दे' म्हणणार, त्याचा स्वभावच तसा, आणि ते मला नको होतं.

वहिनीने तांदळाचा डबा आणून दोघांच्या मध्ये ठेवला. दादाने खिशातून ते दाताखालचं बटण काढलं आणि तांदळात टाकलं. म्हणजे इतके दिवस ते त्याच्या खिशातच होतं. मग पट्टी परत डोळ्यांवर ओढली आणि हात डब्यात घातला.

"सापडलं की मी सांगेन," तो म्हणाला. "तू विचारू नकोस."

मी विचारलं नाही.